मिठाला जागणारा आवाज

१ फेब्रुवारी १९८१. मेलबर्नच्या मैदानावर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यातला अंतिम फेरीचा तिसरा सामना संपत आला होता. भारतही त्या तिरंगी मालिकेत खेळला होता, पण अंतिम फेरी गाठू शकला नव्हता. शेवटचा चेंडू उरला होता आणि नुसती बरोबरी साधायलाही न्यूझीलंडला षटकार हवा होता. समोर ब्रायन मॅकेक्नी, तळाचा फलंदाज. तरीही धोका पत्करायला ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेल तयार नव्हता. गोलंदाज होता त्याचाच धाकटा भाऊ ट्रेव्हर. ग्रेगने त्याला चेंडू जमिनीवरून गडगडत सोडायला सांगितलं. नियमात तेव्हा ते बसत होतं. गडगडत आलेल्या चेंडूला षटकार कोण मारणार? मॅकेक्नीने तो अडवला आणि संतापाने बॅट भिरकावून दिली. ऑस्ट्रेलिया जिंकली.

या प्रसंगावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्यात मैदानापेक्षा समालोचन कक्ष अधिक महत्त्वाचा वाटतो. तिथे माइकसमोर होते इयन चॅपेल; ग्रेग आणि ट्रेव्हर या दोघांचे थोरले भाऊ, स्वतः ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार. खाली काय शिजतंय हे लक्षात येताच थेट प्रक्षेपणातच त्यांच्या तोंडून निघालं, नाही ग्रेग, असं नाही करायचं. सामना संपल्यावर रिची बेनॉ पडद्यावर आले. तेही माजी कर्णधार, आणि मोजकं बोलण्याबद्दल जगभर नावाजलेले. क्रिकेटच्या मैदानावर आजवर जे जे वाईट पाहिलं त्यातलं हे एक, असं त्यांनी शांत स्वरात सांगितलं. कर्णधाराचं षटकांचं गणित चुकलं होतं, तेही सांगितलं. ज्या चॅनेल नाइनवरून ते बोलत होते, तिचे मालक केरी पॅकर यांनी प्रक्षेपणाच्या हक्कांपायी काही वर्षांपूर्वीच क्रिकेटचं जग उलथंपालथं केलं होतं. म्हणजे देश आपला, संघ आपला, भाऊ आपला, आणि वाहिनीचा धंदाही याच खेळावर. तरीही जे दिसलं ते सांगितलं गेलं.

हा प्रसंग मी मनाशी घट्ट धरून ठेवला आहे. टीव्हीवर सामना बघताना एखाद्या समालोचकाचा पक्षपात खटकला, की तो मेलबर्नच्या त्या दुपारशेजारी ठेवून पाहतो. तसं केलं की खटकणाऱ्या सगळ्या गोष्टी सारख्या नाहीत हे कळतं. काही नुसत्या मायेपोटी आलेल्या असतात. काही भीतीपोटी. आणि काही तर बोलणाऱ्यालाही ठाऊक नसलेल्या.

मायेचं आधी सांगतो, कारण तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. आमच्या घरी टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावायची रीत होती. चित्र दूरदर्शनचं, शब्द आकाशवाणीचे. मुंबई-पुण्याकडचा सामना असला की मराठीतलं धावतं वर्णन मिळायचं. बाळ ज. पंडितांचा आवाज वडिलांच्या विशेष लाडका. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. चेंडू कुठे पडला, पाऊल कुठे गेलं, हात कुठे थांबला, हे ते अशा ओळखीने सांगत की न दिसणारं मैदानही दिसू लागे. तो आवाज भारताच्या बाजूचा होता यात शंकाच नव्हती. वाक्य पुरं व्हायच्या आधी, नुसत्या स्वरावरून, विकेट कुणाची गेली ते आम्हाला कळायचं. पण पाहुण्या संघाच्या फलंदाजाने सुरेख चौकार मारला तर त्या फटक्याचं वर्णन हात आखडून कधी होत नसे. काळजी आपल्यांची वाटायची आणि दाद दोघांना मिळायची. या दोन्ही गोष्टी एकाच गळ्यात सुखाने नांदतात, हे मी त्या रेडिओपाशी शिकलो.

जगातली सर्वांत गाजलेली काही समालोचनं तर उघडउघड एकतर्फी आहेत. ९ सप्टेंबर १९८१ रोजी ऑस्लोमध्ये नॉर्वेने विश्वचषकाच्या पात्रता फेरीत इंग्लंडला २-१ असं हरवलं, तेव्हा ब्योर्गे लिलेलिएन या नॉर्वेजियन समालोचकाने नेल्सन, चर्चिल, लेडी डायना आणि मार्गारेट थॅचर यांना नावानिशी हाका मारून तुमच्या पोरांनी सपाटून मार खाल्ला म्हणून सांगितलं. इंग्रजांनासुद्धा ते समालोचन आवडतं. छोट्या देशाला पोटभर मिळालेला आनंद होता तो, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नॉर्वे खरोखरच जिंकली होती.

त्याहून मोठं उदाहरण व्हिक्टर ह्युगो मोरालेस यांचं. २२ जून १९८६, मेक्सिकोतलं अझ्टेका स्टेडियम, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. मॅराडोनाच्या दुसऱ्या गोलवर मोरालेस रेडिओवर रडले, देवाचे आभार मानले. ते ध्वनिमुद्रण आजही जगभर ऐकलं जातं. त्याच्या काही मिनिटं आधी मॅराडोनाने हाताने केलेल्या गोलच्या वेळी ते काय म्हणाले, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. गोलची आरोळी त्यांनी जीव ओतून दिली, आणि त्याच दमात श्रोत्यांना सांगितलं की माझ्या मते चेंडूला हात लागला आहे. ओरडतोय मनापासून, पण मला वाटतं ते तुम्हाला सांगणं भाग आहे. पंच फसले होते. फॉकलंडच्या युद्धाला चार वर्षं झाली होती आणि ऐकणारा सारा अर्जेंटिना त्या गोलसाठी आसुसलेला होता. असल्या घडीला तो माणूस आनंदाने बेभान होऊनही डोळ्यांशी बेइमान झाला नाही. समालोचकाच्या धंद्यात याहून उंच जागा मला माहीत नाही.

हा सगळा रेडिओचा महिमा झाला. टीव्हीने या आवाजाचं काम बदललं. रेडिओवर शब्द गेला तर सामनाच गेला. टीव्हीवर चित्र आधी आणि शब्द मागून येतो. तरीही तो शब्द ठरवतो की चित्रात काय पाहायचं. कक्षाच्या काचेपलीकडे अख्खं मैदान पसरलेलं असतं, पण समालोचकाची नजर बहुतेक वेळ समोरच्या मॉनिटरवर असते, कारण प्रेक्षकाला जे दिसतंय त्याविषयीच बोलायचं असतं. कानात दिग्दर्शकाच्या सूचना चालू असतात. कुठला रीप्ले दाखवायचा, किती वेळा दाखवायचा, कुणाचा चेहरा जवळून घ्यायचा हे सारं मैदानाबाहेर प्रक्षेपणाच्या ट्रकमध्ये बसलेली माणसं ठरवतात. म्हणून टीव्हीवरचा पक्षपात तोंड उघडायच्या आधी, कॅमेऱ्यापासूनच सुरू होऊ शकतो.

केपटाऊनचं न्यूलँड्स मैदान याला साक्षी आहे. २४ मार्च २०१८ रोजी ऑस्ट्रेलियाचा कॅमरन बॅनक्रॉफ्ट खिशातल्या सँडपेपरने चेंडू घासताना तिथल्या कॅमेऱ्यांनी पकडला. स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर यांच्यावर वर्षाची बंदी आली. कॅमेऱ्यामागच्या लोकांचं ते काम निर्विवाद चोख होतं. पण मनात प्रश्न राहतोच: यजमान संघाच्या खिशाकडे कॅमेरा इतका वेळ रोखला गेला असता का? जानेवारी २०२२ मध्ये त्याच मैदानावर हाच संशय भारतीय खेळाडूंच्या तोंडून बाहेर पडला. अश्विनच्या चेंडूवर डीन एल्गरला पायचीत दिलं होतं; तंत्राने चेंडू यष्ट्यांवरून जाताना दाखवला आणि निर्णय फिरला. त्यावर कोहली, अश्विन, राहुल यांनी स्टंप माइकजवळ जाऊन प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीलाच सुनावलं. खरं तर चेंडूचा मार्ग दाखवणारं तंत्र त्या वाहिनीचं नव्हतंच, ते वेगळ्या कंपनीकडून येत होतं. खेळाडूंचा आरोप मला पटला नाही. पण दाखवणाऱ्यावरचा विश्वास एकदा उडाला की खरं चित्रसुद्धा खोटं वाटू लागतं, हे त्या संध्याकाळी स्पष्ट दिसलं.

आता भीतीचं. आपल्या देशात हा भाग सर्वांत दुखरा आहे आणि तो बोलायलाच हवा.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक ऐतिहासिक निकाल दिला. बंगाल क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात सामन्यांच्या प्रक्षेपणावरून वाद पेटला होता. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्या निकालाचा गाभा प्रेक्षक होता: त्याला वेगवेगळे आवाज ऐकू यावेत. दूरदर्शनची मक्तेदारी गेली, पैसा आला, कॅमेरे वाढले, चित्र झकास झालं. आणि एवढं सगळं होत असताना भारतातल्या सामन्यांचं समालोचन कुणी करायचं यात खुद्द क्रिकेट मंडळाचा शब्द चालू लागला. २०११ मध्ये सुनील गावसकर आणि रवी शास्त्री हे दोघे मंडळाशीच करारबद्ध असल्याच्या बातम्या छापून आल्या. २०१३ मध्ये इयन चॅपेल यांनी भारतातल्या मालिकेचं समालोचन नाकारलं. डीआरएस (पंचांचा निर्णय तंत्राने तपासून घेण्याची पद्धत), संघनिवड आणि मंडळाचा कारभार या विषयांवर बोलायचं नाही, अशी अट त्यांना मान्य नव्हती. मेलबर्नला सख्ख्या भावाला माइकवरून टोकणारा माणूस तो; तो अशा अटीवर सही कशी करणार?

डीआरएसचंच घ्या. भारतीय मंडळाचा त्याला कितीतरी वर्षं विरोध होता. २०१६च्या अखेरीस तो मावळला. त्या काळात आपल्याकडच्या सामन्यात फलंदाजावर धडधडीत अन्याय झाला, बॅटची कड लागूनही त्याला पायचीत दिलं, तरी समालोचन कक्षातून हळहळ यायची आणि संपायची. उपाय जगात कुठे आहे, तो इथे का नाही, हा पुढचा प्रश्न यायचाच नाही. घरात बसलेला शाळकरी मुलगा तो प्रश्न विचारत होता. ज्याला विचारण्यासाठी नेमलं होतं, तो गप्प होता. पक्षपाताचा सर्वांत हानिकारक प्रकार हा आहे, असं माझं मत आहे. भलती स्तुती कानाला टोचते, म्हणून ती ओळखता तरी येते. गाळलेला प्रश्न ऐकूच येत नाही.

आणि करार नसतानाही टांगती तलवार असते. २३ मार्च २०१६ रोजी बंगळुरूमध्ये ट्वेंटी-२० विश्वचषकात बांगलादेशला शेवटच्या तीन चेंडूंत दोन धावा हव्या होत्या, आणि भारत एका धावेने जिंकला. त्यानंतर अमिताभ बच्चन यांनी ट्विट केलं की भारतीय समालोचकाने सतत दुसऱ्यांऐवजी आपल्या खेळाडूंविषयी अधिक बोललं तर ते शोभून दिसेल. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं. यात भर घालण्यासारखं काही नाही, अशी जोड कर्णधार धोनीने दिली. हैदराबादच्या मराठी घरातले हर्षा भोगले यांनी तेव्हा सौम्य शब्दांत सांगितलं की इंग्रजी प्रक्षेपण बांगलादेशातही ऐकलं जातं, सगळ्या जगात ऐकलं जातं. त्यात दोन्ही संघांना न्याय द्यावा लागतो. काही दिवसांतच आयपीएलच्या तोंडावर भोगले यांना समालोचकांच्या यादीतून वगळण्यात आलं. कारण जाहीर झालं नाही. पुढे ते परतले, आणि आजही बोलत आहेत. पण कारण न सांगता दिलेली शिक्षा एकट्याला होत नाही. तिच्यामुळे कक्षातला प्रत्येक जण पुढचं वाक्य तोलून बोलायला लागतो.

संजय मांजरेकर यांचीही गोष्ट अशीच. २०१९च्या विश्वचषकात रवींद्र जडेजासारख्या, थोडी फलंदाजी आणि थोडी गोलंदाजी करणाऱ्या खेळाडूंचा मी चाहता नाही, असं ते म्हणाले. मत चुकीचं होतं, मला तेव्हाही तसंच वाटलं. जडेजा चिडला, आणि मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात त्याने ५९ चेंडूंत ७७ धावा करून मैदानातूनच उत्तर दिलं. मांजरेकरांनी लगेच आणि मोकळेपणाने मान्य केलं की जडेजाने आज मला निरुत्तर केलं. इतकं निरोगी भांडण क्रिकेटमध्ये क्वचित घडतं: एकाने मत मांडलं, दुसऱ्याने बॅटने खोडलं, पहिल्याने हार मानली. गोष्ट इथे संपायला हवी होती. मार्च २०२० मध्ये मांजरेकर मंडळाच्या समालोचकांच्या पॅनेलमधून बाहेर पडल्याची बातमी आली. याही वेळी कारण सांगितलं गेलं नाही. समालोचकाला चुकायचा हक्क नसेल तर त्याला मत असण्याचाही हक्क उरत नाही, कारण चुकण्याची शक्यता नसलेलं मत म्हणजे निव्वळ जाहिरात.

हा रोग एकट्या भारताचा आहे असं समजू नये. २०१९च्या त्याच विश्वचषकात ट्रेंट ब्रिजवर ऑस्ट्रेलिया-वेस्ट इंडिज सामन्यात पंचांनी एकामागून एक चुका केल्या आणि वेस्ट इंडिजचे माजी वेगवान गोलंदाज, समालोचक मायकेल होल्डिंग यांनी त्यांच्यावर सडकून टीका केली. आयसीसीच्या वतीने प्रक्षेपण करणाऱ्यांनी त्यांना कळवलं की पंचांच्या चुका ठळक करू नयेत. होल्डिंग यांनी उलट उत्तर दिलं की असली कामगिरी फुटबॉलच्या विश्वचषकात झाली असती तर त्या पंचांना घरी पाठवलं असतं. त्यांनी शब्द गिळले नाहीत. पण होल्डिंग यांच्यामागे होल्डिंग असण्याचं वजन होतं. काल निवृत्त झालेल्या, हप्त्यावर घर घेतलेल्या खेळाडूने काय करावं?

हा प्रश्न खरा आहे आणि त्याकडे माणुसकीने बघायला हवं. कक्ष आणि ड्रेसिंग रूम यांच्यातलं अंतर आता फार उरलेलं नाही. रवी शास्त्री कक्षातून उठून भारतीय संघाचे संचालक झाले, परत कक्षात आले, २०१७ पासून २०२१ पर्यंत प्रशिक्षक होते, आणि पुन्हा माइकवर आले. आपला केदार जाधव २०२३च्या आयपीएलमध्ये मराठीतून समालोचन करत होता आणि हंगाम चालू असतानाच बंगळुरूच्या संघाने त्याला खेळायला बोलावून घेतलं. त्याच्यासाठी ते आनंदाचंच होतं. पण विचार करा: आज ज्याच्या ढिसाळ फटक्याविषयी बोलायचं तो उद्याचा सहकारी, आणि ज्याच्या डावपेचांविषयी बोलायचं तो उद्याचा मालक. जीभ जड होणारच. एकट्या माणसाच्या धैर्यावर ही गोष्ट सोडून देणं अन्यायाचं आहे. समालोचकाला कोण नेमतं, पगार कोण देतं, काय बोलायला मनाई आहे, हे प्रेक्षकाला सामन्याच्या सुरुवातीलाच कळलं पाहिजे. निदान त्या आवाजाचं वजन किती धरायचं हे तरी आपल्याला ठरवता येईल.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड, कारण त्यात कुणी कुणाला धमकावत नाही आणि कुणाचा हेतूही वाईट नसतो. २०२० मध्ये रनरिपीट या संस्थेने युरोपातल्या चार मोठ्या लीगमधल्या ८० फुटबॉल सामन्यांचं इंग्रजी समालोचन तपासलं. बुद्धीची स्तुती गोऱ्या वर्णाच्या खेळाडूंच्या वाट्याला जास्त आली होती. शरीराच्या ताकदीविषयी बोलताना मात्र समालोचकांचा रोख काळ्या वर्णाच्या खेळाडूंकडे साडेसहापट अधिक होता. एकाने विचार केला, दुसरा नुसता धावला. बोलणाऱ्यांपैकी कुणालाही मी वंशद्वेष्टा म्हणणार नाही. पण रोज संध्याकाळी ऐकणाऱ्या पोरांच्या मनात ही वाटणी नकळत पक्की होते, आणि पुढे प्रशिक्षक नेमायची वेळ आली की विचार करणारा म्हणून कुणाचा चेहरा आठवेल, ते वेगळं सांगायला नको.

असाच एक ओरखडा आपल्याही अंगावर आहे. २६ डिसेंबर २०१८, मेलबर्न. मयांक अगरवाल पहिल्याच कसोटीत सलामीला उतरला आणि ७६ धावांची देखणी खेळी केली. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याच्या नावावर त्रिशतक आहे, असा उल्लेख निघाला तेव्हा ऑस्ट्रेलियन समालोचक केरी ओकीफ म्हणाले की ते रेल्वे कॅन्टीनच्या संघाविरुद्ध काढलेलं असेल. कक्षात हशा पिकला. नंतर ओकीफ यांनी माफी मागितली. मला राग येण्याचं कारण आणखी जवळचं होतं. मयांकचं ते नाबाद ३०४ धावांचं त्रिशतक नोव्हेंबर २०१७ मध्ये पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर झालं होतं, आणि ज्यांना कॅन्टीनवाले ठरवलं गेलं ते महाराष्ट्राचे गोलंदाज होते. रणजीचा संघ कसा घडतो हे जवळून पाहिलेल्या कुणालाही ते वाक्य विसरता येणार नाही. पहाटेच्या लोकलने किंवा एसटीने किट ओढत मैदान गाठणारी, उन्हात दोन-दोन दिवस गोलंदाजी करून विकेट न मिळणारी पोरं ती. त्यांचं क्रिकेट माहीत करून घ्यायची तसदी न घेता त्यांच्यावर हसणं, हाही पक्षपातच. समालोचकाची तयारी हा मला म्हणूनच नीतीचा प्रश्न वाटतो. जे नाव नीट उच्चारता येत नाही, ज्या संघाचा इतिहास वाचलेला नाही, त्याच्याशी न्याय होणं अवघड असतं.

समालोचन न्यायाने कसं करावं याचे धडे घ्यायला आपल्याला मेलबर्नलाच जावं लागतं असंही नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या जत्रेत कुस्तीचा फड भरतो तेव्हा हलगीच्या कडकडाटात माइक हातात घेऊन निवेदक उभा असतो. त्याला बोलावणारी जत्रा कमिटी, बिदागी देणारीही तीच. जोड लागते त्यातला एक पैलवान बऱ्याचदा गावचा असतो. निवेदक दोघांची गावं सांगतो, वस्ताद सांगतो, तालीम सांगतो, आजवर मारलेल्या कुस्त्या सांगतो. गावच्या पोराला चार शब्द जास्त मिळतात, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. पण पाहुण्या पैलवानाने पट काढून ढाक लावली आणि गावचा गडी चितपट झाला, तर निवेदकाला त्याच आवाजात त्या डावाचं नाव घेऊन सांगावं लागतं. पर्याय नसतो, कारण फडाभोवती बसलेल्या हजारो माणसांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि त्यात डाव ओळखणारी जुनी माणसं पुढच्याच रांगेत असतात. खोटं बोललं तर फड उठेल. टीव्हीच्या समालोचकाला हा धाक नाही. त्याच्यासमोर पुढची रांगच नाही. त्याला नेमणारे दिसतात आणि ऐकणारे दिसत नाहीत, सगळं बिघडतं ते इथे.

खाल्ल्या मिठाला जागावं ही आपली शिकवण. मग समालोचकाने मीठ कुणाचं खाल्लं? मंडळाचं म्हणाल, तर मंडळाला पैसे वाहिनीने दिले. वाहिनीचं म्हणाल, तर तिला जाहिरातदारांनी दिले. जाहिरातदाराने ते माझ्या डोळ्यांसाठी मोजले. मी तिथे तासन् तास बसून राहिलो म्हणून मोजले. आणि वर्गणी तर मी थेट भरतोच. शेवटी मीठ प्रेक्षकाच्याच घरचं आहे, आणि त्याला जागायचं तर दिसलेलं खरं सांगण्यावाचून मार्ग नाही.

प्रेक्षकालाही काही सांगायचं आहे, कारण एकट्या समालोचकावर खापर फोडणं अर्धवट होईल. आपल्याच लोकांविषयी बोला ही मागणी वरून जितकी येते तितकीच आपल्या दिवाणखान्यातून येते. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेपॉकवर भारत पाकिस्तानकडून अवघ्या १२ धावांनी हरला. पाठीच्या वेदनेने कळवळत सचिनने १३६ धावा काढल्या होत्या. इतकं जिव्हारी लागूनही चेन्नईचे प्रेक्षक उभे राहिले आणि पाकिस्तानच्या संघाने मैदानाला फेरी मारली तेव्हा टाळ्या वाजवत राहिले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ट्रॅव्हिस हेडने १३७ धावांची अफाट खेळी केली, आणि लाखभर क्षमतेच्या त्या स्टेडियममध्ये तिला साजेशी दाद उमटली नाही. हरल्याचं दुःख मलाही झालं, त्या रात्री मीही नीट जेवलो नाही. तरी या दोन गर्दींमध्ये जो फरक पडला तो आपोआप पडला असं मला वाटत नाही. मधल्या वर्षांत एका पिढीने जे समालोचन ऐकलं, त्यात आपला प्रत्येक फटका जगावेगळा होता आणि त्यांचा प्रत्येक फटका नशिबाचा. षटकाराला, झेलाला प्रायोजकाचं नाव जोडून हाक मारली गेली. सगळंच महान म्हटल्यावर खरोखर महान काही घडलं तर त्याला शब्द उरत नाही, आणि समोरच्याचं मोठेपण ओळखायची सवयही मोडते. पक्षपाताने प्रतिस्पर्ध्याचं फारसं बिघडत नाही. हेडच्या शतकातून एकही धाव वजा झाली नाही. वजाबाकी झाली ती आपल्या पाहण्याच्या आनंदातून.

मग आपला माणूस आपल्या संघाविषयी बोलताना कसा असावा? २८ डिसेंबर २०२४ रोजी मेलबर्नमध्ये ऋषभ पंत नको त्या वेळी नको तो फटका मारून बाद झाला. तेव्हा ऑस्ट्रेलियन रेडिओवर गावसकर कडाडले: मूर्खपणा आहे हा, असं त्यांनी एकदा नव्हे तर तीनदा म्हटलं. मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या माणसाचा तो संताप होता. परक्या कुणाला इतकं लागलं नसतं. आणि जून २०२५ मध्ये लीड्सला याच पंतने शतक ठोकलं तेव्हा याच गावसकरांनी तितक्याच जोराने तीनदा वाहवा केली. मला हवा असलेला आवाज हा. त्याला आपल्या पोरांचं सुखदुःख आहे, पण त्यापायी त्याचे डोळे झाकले जात नाहीत. त्याची शाबासकी मोलाची वाटते, कारण त्याचे रट्टेही ऐकलेले असतात.

आता मराठीतून आयपीएलचं समालोचन होऊ लागलं आहे. मोबाइलवर ते ऐकताना मला आनंद होतो आणि काळजीही वाटते. बाळ ज. पंडित, वि. वि. करमरकर यांनी आकाशवाणीवर घालून दिलेली वाट मध्ये बरीच वर्षं ओस होती. ती पुन्हा चालती झाली आहे. नव्या वाटेला सवयी लवकर जडतात, म्हणून आत्ताच सांगावंसं वाटतं. मुंबईच्या संघावर प्रेम करा, खुशाल करा. ऋतुराज गायकवाड पुण्याचा म्हणून त्याचा एखादा फटका जास्त लाडाने सांगा. पण तो चुकला तर चुकला म्हणा. समोरच्या संघातल्या विशाखापट्टणमच्या किंवा काबूलच्या मुलाचं नाव नीट घ्या, त्याचा प्रवास वाचून या. पंच चुकले तर तेही सांगा, आणि मंडळाचा निर्णय खेळाला मारक असेल तर तो प्रश्न माझ्यावर सोपवून गप्प बसू नका. जिथे चित्रच बोलतंय तिथे थांबा. बेनॉ थांबत असत.

आणि असं बोलणारा कुणी मराठीत उभा राहिला, त्याने आपल्या लाडक्या खेळाडूला चार खडे बोल सुनावले, की फोनवर त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांची फौज तयार असेलच. त्या दिवशी आपण, खरं ऐकायची भूक असलेल्यांनी, वाहिनीला लिहून कळवायचं की हा माणूस आम्हाला हवा आहे. मंडळाचं पत्र त्याच्यापर्यंत नेमकं पोहोचतं, आपलं कधी पोहोचत नाही. ते पोहोचू लागलं तर कक्षातल्या माणसाला आपली पुढची रांग दिसेल, आणि मग मिठाला जागणं त्याला आजच्याइतकं अवघड जाणार नाही.